मोहोर तीन महिने, भूक बारा महिने

आमच्या घरात ‘पेटी’ म्हटलं की आंब्याचीच पेटी डोळ्यांपुढे येते. किती पेट्या भरल्या, वाशीला किती गेल्या, पेटीला काय भाव मिळाला, यावर आमचं वर्ष ठरतं. मधमाश्यांची पेटी या घरात आली ती फार नंतर, आणि तीही आंब्याच्या पेट्या वाढाव्यात एवढ्याचसाठी. या दोन पेट्यांचं नातं नीट कळायला मला दहा-बारा वर्षं लागली.

रत्नागिरीहून पावसकडे निघालं, भाट्याची खाडी ओलांडली, की चढ लागतो आणि वर कातळाचा सडा सुरू होतो. त्या सड्याच्या उतारावर आमची बाग आहे. सासऱ्यांनी सुरुंग लावून कातळ फोडला, खड्ड्यांत बाहेरून माती आणून भरली आणि हापूसची कलमं जगवली. २००६ साली त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा बागेची वही माझ्याकडे आली. वहीत चार रकाने होते : फवारणीची तारीख, औषध, पेट्या आणि भाव. बाग लख्ख असली पाहिजे, ही त्यांची शिकवण. पाऊस सरला की बेणणी करून घ्यायची, करवंदाच्या जाळ्या मुळापासून तोडायच्या, कलमाखाली गवताची काडी ठेवायची नाही. मी ते निष्ठेने पाळलं, आणि एक पाऊल पुढेही गेले. बागेत तीन जुने रायवळ आंबे होते. आंबट, धाग्याचे, बाजारात किंमत नसलेले. त्यांतले दोन मी तोडायला लावले आणि त्यांच्या जागी हापूसची आठ कलमं बसवली. तिसरा बांधावर होता, शेजाऱ्यांच्या सामाईकीतला, म्हणून वाचला. त्या दोन झाडांबद्दल पुढे सांगते.

२०११च्या जानेवारीत मोहोर असा आला होता की पानं दिसत नव्हती. येणारे-जाणारे थांबून बघत. फेब्रुवारी संपता संपता मात्र मोहोराच्या काड्या वाळून नुसत्या उभ्या राहिल्या. कणी धरलीच नव्हती. तुडतुडा आटोक्यात होता, भुरी नव्हती, अवकाळी पाऊसही नव्हता. मी एकेक काडी हातात धरून बघत होते, तेव्हा बांधापलीकडचे वयस्क शेजारी आले. आयुष्य भात आणि गुरं यांत घालवलेला माणूस. म्हणाले, “गो बाय, मोहोर बघत्येस, पन आवाज आयकलास काय?”

कसला आवाज, ते मला कळेना. त्यांनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी मोहोर फुलला की रायवळाखाली उभं राहिल्यावर डोक्यावर सारखी गुणगुण ऐकू यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी उशिरा फुललेल्या एका कलमाखाली जाऊन उभी राहिले. बुलबुल ऐकू आला. लांबून फवारणीच्या पंपाची घरघर ऐकू आली. डोक्यावरचा मोहोर मात्र मुका होता.

मला सुचलेला उपाय अगदी बागायतदाराचा होता : नाही ना, मग विकत आणा. पुढच्या डिसेंबरात सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या आणल्या. सातेरी ही आपली इथलीच माशी. एकाशेजारी एक अशी समांतर पोळी ती अंधारात बांधते, झाडाच्या ढोलीत, दगडांच्या बेचक्यात, रिकाम्या वारुळात. सात पोळी म्हणून सातेरी, असं जुने लोक सांगतात. गोव्यात आणि सिंधुदुर्गात सातेरी देवी वारुळाच्या रूपातच पुजली जाते, हे मला माहीत होतं. त्या नावाची माशी आपल्या बागेत यावी याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

पेट्या आल्यावर आठ-दहा दिवसांनी तुडतुड्यासाठी फवारणीची पाळी आली. वेळापत्रक भिंतीवरच चिकटवलेलं होतं. मोहोर फुललेला असताना फवारणी टाळावी, ही ओळही त्यात होती. मी तीच ओळ डावलली, कारण माणसं त्या दिवशीच मिळाली होती आणि औषध कालवून तयार होतं. सकाळी साडेनऊला पंप सुरू झाला. तिसऱ्या दिवशी पेट्यांपुढच्या लाद्यांवर मेलेल्या माश्यांचा थर होता. काही जिवंत होत्या, पण भोवऱ्यासारख्या जागच्या जागी फिरत होत्या. काही पेटीच्या दारापर्यंत येऊन तिथेच पडत होत्या. मी केरसुणीने त्या गोळा केल्या. आजवर बागेत आंबा गळालेला, मोहोर करपलेला पाहिला होता, पण आपल्या हातून असं काही मेल्याचं ते पहिलंच दृश्य. त्या फवारणीत वापरलं होतं त्या गटातल्या इमिडाक्लोप्रिडसह तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर युरोपीय संघाने पुढे २०१८ साली बंद केला. ती बातमी वाचली तेव्हा मला त्या लाद्याच आठवल्या.

त्यानंतर मी महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षण घेतलं. राणी ओळखणं, पिल्लावा कोठी आणि मधकोठी यांतला फरक, मुंग्यांसाठी पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणं, सगळं शिकले. पुन्हा पेट्या आणल्या. या वेळी फुलोऱ्यात पंप लावला नाही. माश्या टिकल्या, वाढल्या. मे महिन्यात आम्ही हौसेने मध काढला, बाटल्या भरल्या, नातेवाइकांना वाटल्या. जूनमध्ये पाऊस लागला. इथला पाऊस आठ-आठ दिवस तोंड उघडू देत नाही. साखरेचा पाक ठेवला, पण तोही कधी वेळेवर, कधी नाही. जुलैच्या अखेरीला पेटी उघडली तर आत माशी नव्हती. पोळ्यांवर मेणकिड्याची जाळी पसरलेली, आणि तळाला भुगा. पावसाळ्यासाठी त्यांनी साठवलेलं अन्न आम्ही बाटल्यांत भरलं होतं, आणि बाहेर बागेत एक फूल नव्हतं. मग त्या नांदणार कशाच्या जोरावर?

‘नांदणं’ हा शब्द माझ्या मनात तेव्हापासून रुतला. लग्न होऊन या घरात आलेल्या बाईला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नुसतं घर दिल्याने कोणी नांदत नाही. चूल लागते, शेजार लागतो, वाईट दिवसांतही इथे निभेल असा भरवसा लागतो. मी मधमाश्यांना पेटी दिली होती, बाकी काहीच दिलं नव्हतं.

त्या सुमाराला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात जाणं झालं. तिथे हापूसबद्दल जे ऐकलं ते वीस वर्षं हापूसमध्ये राहूनही मला माहीत नव्हतं. मोहोराच्या एका तुऱ्यावर शेकड्यांनी फुलं असतात, पण त्यांतली बहुतेक नर. फळ धरू शकणारी संयुक्त फुलं हापूसमध्ये मुळातच कमी, आणि थंडी जास्त पडली की आणखी कमी. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सगळी हापूस कलमं म्हणजे काडी बांधून वाढवलेली एकाच झाडाची रूपं. एका कलमाचा पराग शेजारच्या कलमावर गेला तरी तो घरचाच, आणि हापूसला घरच्या परागाने फळ नीट धरत नाही. म्हणून बागेत दहा टक्के तरी दुसऱ्या जातीची कलमं हवीत : केसर, किंवा विद्यापीठानेच नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेला रत्ना. तिसरी गोष्ट, आंब्याचं फूल लहान, उघडं, उथळ. त्यावर मधमाश्यांइतक्याच, किंबहुना जास्तच, साध्या माश्या येतात. निळ्या-हिरव्या चकाकत्या माश्या, आणि हवेत एका जागी तरंगणाऱ्या पिवळ्या पट्ट्यांच्या माश्या. या तरंगणाऱ्या माश्यांतल्या कित्येकींच्या अळ्या मावा खाऊन वाढतात.

परतीच्या एसटीत मी ते दोन रायवळ आठवत बसले. प्रत्येक रायवळ बाठ्यातून उगवलेला, म्हणजे प्रत्येकाचा पराग वेगळा. त्यांच्या जुन्या खोडांत ढोल्या होत्या. परका पराग आणि तो वाहून नेणाऱ्यांचं घर, दोन्ही मी एकाच आठवड्यात करवतीखाली घातलं होतं. आठ कलमांच्या जागेसाठी.

शेजाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पूर्वी मोहोराच्या दिवसांत मासळीची घाण बागेत आणून टाकायचे, माश्या याव्यात म्हणून. मी मिरकरवाड्याच्या बंदरावरून दोन टोपल्या आणल्या आणि घराजवळच्या कलमांखाली पसरल्या. माश्या आल्या, पण आठ दिवस घरात कोणाच्या घशाखाली घास उतरेना. पुढच्या वर्षी बागेच्या खालच्या टोकाला आळी खणली आणि मासळीवर पालापाचोळा, शेण आणि माती टाकली. वास आवरला, माश्याही राहिल्या आणि कलमांना खत मिळालं. आजही डिसेंबरात आम्ही ते करतो.

खरं वळण मात्र एका नेपाळी राखणदाराने दिलं. आमच्याकडच्या बहुतेक बागांत हंगामाला नेपाळहून माणसं येतात. राखण, फवारणी, काढणी, सगळं तीच करतात. एका फेब्रुवारीत, बांधावरच्या उरलेल्या रायवळाच्या ढोलीतून माश्या ये-जा करताना त्याला दिसल्या. दुसरा एक गडी टेंभा घेऊन मध काढायला निघाला होता. याने त्याला अडवलं. मला बोलावून म्हणाला, त्याच्या गावी लाकडाचे ओंडके पोखरून घराच्या वळचणीला टांगतात, त्यांत या माश्या पिढ्यान्पिढ्या राहतात. मध काढताना सगळी पोळी काढायची नसतात. तो उघड्या हाताने ढोलीच्या तोंडाशी गेला, हळूच फुंकर मारली आणि आतलं पोळं मला दाखवलं. पेट्या विकत आणून मी जे करू पाहत होते, ते बागेच्या एका कडेला आपसूक होत होतं, आणि तेही तीन वेळा तोडायचं ठरवलेल्या झाडात.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. सकाळी बाहेर पडलो तर कलमांखाली आंब्यांचा सडा, आणि रायवळाची ढोलीची फांदी मोडून आडवी. बाकी सगळे आंबे वेचत होते, आणि तो राखणदार त्या फांदीपाशी बसला होता. दोघांनी मिळून ढोलीच्या वर-खाली करवत चालवली, ओंडका ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि अंधार पडल्यावर गोठ्याच्या वळचणीला काथ्याने टांगला. उघडी पडलेली बाजू फळी ठोकून, शेणमातीने लिंपली. मला आशा नव्हती. चौथ्या दिवशी एक माशी पायांना पिवळा पराग लावून आत शिरताना दिसली, तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही. ती वसाहत तो पावसाळा तिथेच राहिली. मधाला आम्ही हात लावला नाही.

त्या पावसाळ्यात मी वहीत पाचवा रकाना आखला : ‘फूल’. बारा महिने लिहिले आणि प्रत्येकासमोर बागेत काय फुलतं ते लिहायला बसले. डिसेंबर ते फेब्रुवारी भरगच्च, आंबा आणि काजू. बाकी नऊ महिन्यांत जवळजवळ काही नाही. माश्या का टिकत नाहीत, याचं उत्तर त्या कोऱ्या नऊ ओळींत होतं. मोहोर तीन महिने असतो, भूक बारा महिने लागते. २० मे हा जागतिक मधमाशी दिन २०१८ पासून पाळला जातो. आमच्याकडे नेमका तेव्हा आंब्याचा हंगाम आवरत आलेला असतो आणि माश्यांची ओढगस्त सुरू व्हायची असते.

त्या ओळी भरायला मी निघाले तेव्हा लक्षात आलं की लावण्यापेक्षा न तोडणं हेच मोठं काम आहे. बागेच्या चारही बाजूंना दहा-दहा हात पट्टा सोडला आणि तिथे कोयता न्यायचा नाही असं ठरवलं. दुसऱ्या वर्षी करवंदाच्या जाळ्या फुटल्या. तिसऱ्या वर्षी मार्चात त्या पांढऱ्या झाल्या. धायटी आपोआप आली. खडकातल्या अंजनीला निळा बहर आला आणि झाड माश्यांनी दाटून गेलं. एप्रिलमध्ये जांभूळ आणि कुडा, पावसाच्या तोंडावर ऐन. कलमांखालचं गवतही आता एकदम कापत नाही, आलटून पालटून ओळी घेतो. एकदांडीसारखं पायाखालचं फूल वर्षभर लहान माश्यांना आणि फुलपाखरांना पोसतं, हे गवतात बसल्यावरच दिसलं. लावलं ते थोडंच : सुरंगी, शेवगा, कढीपत्ता, दारापुढे तुळशीच्या दोन ओळी, पडीक तुकड्यात ऑक्टोबरसाठी कारळा आणि तीळ, भात कापल्यावर चवळी आणि कुळीथ. हापूसच्या मेलेल्या कलमांच्या जागी केसर आणि रत्ना.

ऑगस्ट-सप्टेंबरची ओळ सड्याने भरली. ज्याला आम्ही पडीक कातळ म्हणत होतो, तिथे तेव्हा तेरडा, टाकळा, कवला, सीतेची आसवं यांचा गालिचा असतो. पूर्वी मार्चात तिथलं वाळकं गवत पेटवून द्यायची पद्धत होती. एका वर्षी ती आग वाऱ्याने बागेत शिरली आणि अकरा कलमं होरपळली. आता आम्ही जानेवारीतच बागेभोवती गवताचा पट्टा कापून घेतो आणि सडा पेटवत नाही.

माणूस मधमाशी म्हणतो तेव्हा त्याला मध देणारी माशी दिसते. मलाही तेवढीच दिसत होती. बसून बघण्याची सवय लागल्यावर बाकीच्या दिसू लागल्या. घराच्या चिऱ्यांच्या भिंतीत मेणाची बारीक नळी काढून राहणारी पोया, तिला डंखच नसतो. परसातल्या वांग्याच्या फुलाला लटकून अंग थरथरवणारी निळ्या पट्ट्यांची माशी. ती थरथरली की फुलाच्या नळीतला पराग झडतो. तुरीच्या पानाचे गोल तुकडे कापून नेणारी माशी. वाळक्या बांबूत भोक पाडणारा काळा भुंगा. पायवाटेच्या उघड्या मातीत पेन्सिलीएवढी बिळं करून एकेकटी राहणारी माशी. या सगळ्यांना पेटी नको असते. त्यांना थोडी उघडी माती, वाळकं लाकूड, बांबूचे तुकडे आणि आपला थोडा आळस पुरतो. आता वाळलेली फांदी दिसली की लगेच तोडायचा आग्रह मी धरत नाही.

फवारणी मी पूर्ण सोडलेली नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. तुडतुडा वाढला की हापूस हातचा जातो. पण मोहोर फुलण्याआधीची फवारणी वेळेत घेते, फुलोरा असताना पंप बंद ठेवते आणि नाइलाज झाला तर सूर्य मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर, फक्त लागलेल्या झाडांवर मारते. सातेरी किलोमीटरभर सहज जाते, आमचा बांध तिला माहीत नाही. म्हणून शेजारच्या पाच बागायतदारांकडे चहाला जाऊन बसले. दोघांनी लगेच मानलं. एकाने हसण्यावारी नेलं. एकाने विचारलं, “तुमच्या माश्यांसाठी आम्ही नुकसान का सोसायचं?” त्याचा प्रश्न रास्त होता. मी त्याला फुलोऱ्यात दहा मिनिटं त्याच्याच कलमाखाली बसायला सांगितलं आणि काय काय येतं ते मोजायला लावलं. आता आमचा मोबाइलवर एक गट आहे. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी त्यावर निरोप येतो आणि मी पेट्यांची दारं जाळीने बंद करते. पाचवा अजून मानत नाही.

२०२२ च्या मे महिन्यात महाबळेश्वरजवळचं मांघर हे देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. मी तिथे मुद्दाम जाऊन आले. पेट्या आमच्यासारख्याच होत्या. फरक पेटीच्या बाहेर होता. गावाभोवती जंगल शाबूत आहे, म्हणून माश्या नांदतात.

उत्पन्न दुप्पट झालं, असं मी सांगणार नाही. हवा बिघडली की आजही मोहोर जातो, आणि हवेपुढे आमचं काही चालत नाही. पण कणी धरण्याची तक्रार २०११ सारखी पुन्हा झाली नाही. औषधांचा खर्च उतरला. आणि जानेवारीत दहा वाजता कलमाखाली उभं राहिलं की डोक्यावर आवाज असतो. बांधापलीकडचे शेजारी आता नाहीत. तो आवाज त्यांना ऐकवायला जरा उशीर झाला, ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

वहीतल्या पाचव्या रकान्यात अकरा महिन्यांपुढे काही ना काही लिहिलेलं आहे. जुलैपुढे मात्र अजून एकच शब्द आहे : नारळ. पाऊस जरा उघडला की सगळ्या माश्या त्या उंच फुलोऱ्याकडे धावतात, आणि पुन्हा सर आली की उपाशी परततात. पावसात फुलणारी भारंगी सड्याच्या कडेला थोडी आहे. तिची रोपं मी गोठ्यामागे तयार केली आहेत, ओंडका टांगलेला आहे त्याच्या समोरच. पहिला पाऊस पडला की ती बांधावर लावायची आहेत. ती फुलली तर जुलैपुढे दुसरा शब्द लिहीन.